विचारायला माणूस

मस्कतमध्ये मदिनत सुलतान काबूस नावाची एक वसाहत आहे. रोजच्या बोलण्यात एवढं लांब नाव कोणी घेत नाही, सगळे 'एमक्यू' म्हणून मोकळे होतात. १९७० साली सुलतान काबूस गादीवर आले, देशात रस्ते, शाळा, दवाखाने उभे राहायला लागले आणि त्या कामांसाठी बाहेरून माणसं येऊ लागली. त्यांच्यासाठी त्या दशकात जी घरं झाली, त्यातली ही वसाहत. पांढरी घरं, मागे उघडेबोडके तपकिरी डोंगर, कुंपणावर बोगनवेल, छोटासा बाजार, ब्रिटिश शाळा. मराठी माणूस रूवी, दारसैत, घुब्रा या भागांत जास्त सापडतो, एमक्यूत आम्ही मोजकेच. मला इथे सतरा वर्षं झाली. एवढ्या काळात वसाहतीचा एक स्वभाव पक्का कळला, तो म्हणजे इथे कायमचा कोणीच नाही. करार दोन वर्षांचा, फार तर तीन. जून आला, शाळा संपल्या की दुकानाबाहेरच्या फळ्यावर चिठ्ठ्या लागतात. सोफा, वॉशिंग मशीन, मुलाची सायकल, कधी कधी मांजरसुद्धा. ऑगस्टच्या शेवटी त्याच घरांत नवी माणसं येतात.

आता कॉम्प्युटरवरच्या लेखात हे सगळं कशाला, असं तुम्ही म्हणाल. नमनाला घडाभर तेल ओतायची माझी खोड जुन्या वाचकांना ठाऊक आहे, पण या खेपेला तेल वाया जाणार नाही. मला लिहायचंय ते हौशी लोकांच्या स्वस्त कॉम्प्युटरबद्दल, म्हणजे सिंक्लेअर स्पेक्ट्रमपासून आजच्या रास्पबेरी पायपर्यंत. ही यंत्रं स्वस्त असतात त्याची कारणं बरीच, पण एक कारण जाहिरातीत कधी येत नाही. अडलं तर विचारायला जो माणूस लागतो, तो त्या किमतीत धरलेला नसतो. तो ज्याचा त्यानं शोधायचा. आणि जिथे माणसंच टिकत नाहीत, तिथे तो शोधायचा कुठे?

सुरुवात अमेरिकेत झाली. जानेवारी १९७५ मध्ये 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० झळकला. सुटे भाग घेतले तर ३९७ डॉलर. घरी बसून जोडला की समोर दिवे आणि खटके. कीबोर्ड नाही, पडदा नाही. याचं आता करायचं काय, हे एकमेकांना विचारायला मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कला एका गॅरेजमध्ये तीसेक माणसं जमली आणि होमब्रू कॉम्प्युटर क्लब सुरू झाला. ॲपलची गोष्ट तिथूनच निघते, ती तुम्ही शंभर वेळा ऐकली असेल.

मला जास्त जवळचा वाटतो तो इंग्लंडमधला प्रकार. क्लाइव्ह सिंक्लेअर हा माणूस किमतीचा वेडा होता. १९८० साली त्यानं शंभर पौंडांच्या आत कॉम्प्युटर आणला, झेडएक्स-८०, तयार घेतला तर ९९ पौंड ९५ पेन्स. पुढच्या वर्षीचा झेडएक्स-८१ तर ६९ पौंड ९५ पेन्सचा, आणि सुटे भाग घेऊन स्वतः जोडलात तर ४९ पौंड ९५. मेमरी एक केबी. जास्त हवी तर मागे १६ केबीचा डबा खोचायचा. तो इतका ढिला बसायचा की टायपिंगच्या धक्क्यानं हलायचा आणि केलेलं सगळं काम पुसलं जायचं. उपाय शोधले ते लोकांनी, कोणी चिकट गोळा लावून, कोणी रबर बांधून. मग २३ एप्रिल १९८२ ला स्पेक्ट्रम आला. १६ केबीचा १२५ पौंडांना, ४८ केबीचा १७५ ला. त्याच सुमारास बीबीसी मायक्रोचं मोठं मॉडेल ३९९ पौंडांना होतं. ते यंत्र मजबूत होतं हे खरं, पण त्या किमतीमागे बीबीसीची टीव्ही मालिका होती, शाळांचं पाठबळ होतं. स्पेक्ट्रमवाल्याच्या मागे शेजारचा मुलगा होता.

शेजारच्या मुलानं मात्र काम चोख केलं. मासिकांत पानंच्या पानं प्रोग्रॅम छापून यायचे आणि लोक ते अक्षर न् अक्षर टाइप करायचे. १९८३ साली इयन लोगन आणि फ्रँक ओ'हारा यांचं एक पुस्तक आलं. त्यात स्पेक्ट्रमच्या रॉममधले सगळे १६ केबी सोलून, कुठला भाग काय करतो ते टिपांसकट मांडलं होतं. यातला लोगन पेशानं डॉक्टर, रोगी तपासणारा. कंपनीनं न सांगितलेलं यंत्राचं पोट एका डॉक्टरानं उघडून दाखवावं, हे मला फार आवडतं. ते पुस्तक हाताशी असलेल्या माणसाला सिंक्लेअर कंपनीला काही विचारायची गरज फारशी उरली नाही. हे बरंच झालं, कारण १९८६ मध्ये सिंक्लेअरनं आपला कॉम्प्युटरचा धंदा ५० लाख पौंडांना ॲमस्ट्रॅडला विकून टाकला.

आता परत एमक्यूत येऊ. मी राहायला आलो तेव्हा माझ्या गल्लीत एक ब्रिटिश गृहस्थ होते, १९८३ पासून इथे राहिलेले. एवढा जुना रहिवासी म्हणजे इथे दुर्मिळ प्राणी. त्यांच्याकडून ऐकलेली हकिगत अशी. त्या काळात सुट्टीवरून येणाऱ्या ब्रिटिश कुटुंबांच्या सामानात हमखास एक स्पेक्ट्रम असायचा. इथला प्लग इंग्लंडसारखाच तीन चौकोनी पायांचा, त्यामुळे ती अडचण नाही. इथला टीव्हीही पाल पद्धतीचा. इंग्लंडच्या आणि इथल्या पालमध्ये आवाजाच्या बाबतीत फरक होता, पण स्पेक्ट्रमचा आवाज त्याच्या पोटातल्याच पिटुकल्या स्पीकरमधून यायचा, त्यामुळे तेही निभावलं. निभावला नाही तो उन्हाळा. कीबोर्डच्या खाली ९ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा एक रेग्युलेटर असतो, तो इंग्लंडच्या थंडीतसुद्धा तापतो. मस्कतचा जून म्हणजे बाहेर ४५ अंश. वीज गेली, एसी बंद पडला की यंत्राला हात लावणं मुश्कील.

बारापंधरा घरांत अशी यंत्रं होती आणि ती बिघडली की सगळे एकाच माणसाकडे जायचे. तो तेलाच्या उद्योगातला उपकरण तंत्रज्ञ, स्कॉटलंडचा. तेव्हा इथे सुट्टी गुरुवार-शुक्रवारी असे (शुक्रवार-शनिवार झाली ती २०१३ पासून). गुरुवारी दुपारी त्याच्या जेवणाच्या टेबलावर यंत्रं रांगेनं उघडी पडलेली असायची. पैसे घ्यायचा नाही. मग एक दिवस त्याची बदली झाली. शेजारी सांगत होते की सहा महिन्यांत निम्मी यंत्रं कपाटात गेली. त्यांचं खोकं झालं ते काही भयंकर बिघाडानं नव्हे, कोणाची टेप लोड होत नव्हती एवढंच.

पण जाताना त्यानं एक वही मागे ठेवली होती, कडक पुठ्ठ्याची, शाळकरी. शेजाऱ्यांकडे ती होती आणि २०१४ साली कायमचे मायदेशी जाताना त्यांनी ती मला दिली. म्हटलं तर जेमतेम तीसेक पानं. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात आणि दोनदा अधोरेखित केलेलं: अडॅप्टरची पिन मधून निगेटिव्ह आहे. ज्यानं इलेक्ट्रॉनिक्समध्ये हात घातलाय त्याला याचं मोल कळेल. बाजारातले बहुतेक अडॅप्टर मधून पॉझिटिव्ह असतात. जुना बिघडला म्हणून रूवीतून भलताच आणून लावला की यंत्र कायमचं गेलंच म्हणून समजा. पुढे टेप लोड होत नसेल तर टेपरेकॉर्डरच्या हेडचा छोटा स्क्रू आवाज ऐकत ऐकत कसा फिरवायचा ते. मग पडद्यावर नुसत्याच चौकटी दिसत असतील तर आधी टीआर-४ नावाचा ट्रान्झिस्टर तपासा, कारण तो गेला की मेमरीच्या चिपांना मिळणारे व्होल्ट बिघडतात आणि चिपाही जातात. आणि नुसत्या चिपा बदलल्यात तर नव्याही जळतील. हे शेवटचं वाक्य कुठल्याही माहितीपत्रकात नव्हतं. कोणीतरी नव्या चिपा जाळल्याशिवाय ते लिहिता येत नाही.

वहीत तीन हस्ताक्षरं आहेत. पहिलं त्या स्कॉटिश माणसाचं, दुसरं कोणाचं ते शेजाऱ्यांना आठवत नव्हतं, आणि तिसरं वळणावरून उघड भारतीय. या तिसऱ्यानं भागांच्या किमती दोन चलनांत लिहिल्या आहेत, रियाल आणि रुपये. म्हणजे हा भाऊ रजेवर मुंबईला गेला की लॅमिंग्टन रोडवरून पिशवीभर चिपा घेऊन येत असणार. गंमत पाहा, १९७० पर्यंत ओमानमध्ये रुपयाच चालायचा. पंधरा वर्षांनी तो एमक्यूतल्या वहीत असा मागच्या दारानं परत आला.

आपल्याकडेही स्पेक्ट्रम होता, हे आजच्या मुलांना खरं वाटत नाही. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या भारतीय कंपनीनं परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' बाजारात आणला. सरकारी 'क्लास' योजनेतून १९८४ नंतर काही शाळांत बीबीसी मायक्रो आले होते, पण ते बहुधा कुलुपात. घरी हात लावायला मिळेल असा म्हणजे स्पेक्ट्रम. पुण्यात आमच्या वाड्यात तो कोणाला परवडणारा नव्हता, पण तपकीर गल्ली होती. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळची ती बोळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. दुकान म्हणजे फळी आणि वर टांगलेले वायरींचे भेंडोळे. काउंटरवरचा माणूस भाग विकायच्या आधी "लावणार कशात?" असं दरडावून विचारणार आणि उत्तर चुकलं तर विकायचंच नाकारणार! आम्ही त्याला उर्मट म्हणायचो. आता वाटतं की फुकटची एवढी चांगली तांत्रिक मदत मला नंतर कुठल्याही देशात मिळाली नाही. आणि मुख्य म्हणजे तो माणूस वीस वर्षं त्याच फळीवर बसलेला असायचा. एमक्यूत नेमकी हीच गोष्ट नव्हती.

अरबांनी या बाबतीत वेगळा मार्ग धरला होता. कुवेतमध्ये मोहम्मद अल-शारेख (२०२४ मध्ये ते वारले) यांनी १९८२ साली अल-आलमिया ही कंपनी काढली आणि यामाहा, सान्यो अशा जपानी कंपन्यांकडून एमएसएक्स जातीचे घरगुती कॉम्प्युटर बनवून घेऊन ते अरबीत आणले. नाव 'सख्र', म्हणजे खडक. कीबोर्डवर अरबी अक्षरं, बेसिकच्या आज्ञाही अरबीत, जोडीला अरबी पुस्तकं आणि मुलांसाठी शैक्षणिक प्रोग्रॅम. माझा एक ओमानी सहकारी निझवाचा. तो पहिला प्रोग्रॅम शिकला तो सख्रवर, शाळेतल्या इजिप्शियन मास्तरांकडून, इंग्रजीचं एक अक्षर न येता. त्याच वयात मी 'सिंटॅक्स एरर' म्हणजे काय हे शब्दकोशात बघत होतो. पुण्यात सी-डॅकनं जिस्ट कार्डामुळे मराठी पीसीवर आणली हे मोठंच काम, पण ते कचेऱ्या आणि छापखान्यांच्या उपयोगाचं. आठवीतल्या पोराला मांडीवर घेऊन बसता येईल असा मराठी बोलणारा स्वस्त कॉम्प्युटर कोणी काढला नाही. मला वाटतं, आपली त्यात एक पिढी गेली.

सख्रची दैना वेगळीच झाली. ऑगस्ट १९९० मध्ये इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या. कंपनीनं बस्तान कैरोला हलवलं आणि पुढे ती अरबी भाषेच्या सॉफ्टवेअरकडे वळली. खाडीभर घराघरांत पडलेल्या यंत्रांना वाली उरला नाही. आज ती यंत्रं चालतात ती हौशी लोकांमुळे. कार्ट्रिजच्या नकला काढून ठेवणारे, पिवळी पडलेली माहितीपत्रकं जपणारे असे बरेच जण अरब देशांत आहेत. कंपनीचं पाठबळ असलेलं यंत्रही शेवटी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्याच पदरात पडलं.

याच निझवाकर सहकाऱ्यानं मला फलज दारिस दाखवला. फलज म्हणजे डोंगराच्या पायथ्याचं पाणी उतारानं गावात आणणारा पाट. ओमानमधले असे पाच फलज २००६ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या, कोणाच्या वाट्याला किती वेळ ते सूर्याच्या सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर मोजायचं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाट बघायला एक वकील नेमलेला. इथे वकील म्हणजे कोर्टातला नव्हे, कारभारी. त्याचा मोबदला आणि दुरुस्तीचा खर्च फलजच्याच उत्पन्नातून, पाण्याचे काही वाटे लिलावात देऊन निघतो. मला लगेच धुळे-नाशिककडची फड पद्धत आठवली. तिथेही पाटकरी आणि जागल्या यांना पिकातून धान्य ठरलेलं असे. म्हणजे समाजाच्या आधारावर चालणारी स्वस्त व्यवस्था आपल्याला आणि ओमान्यांना शेकडो वर्षं माहीत आहे, पण तिच्यात दुरुस्ती करणाऱ्याचा वाटा आधी काढून ठेवतात. कॉम्प्युटरवाल्यांनी समाज उचलला आणि वाटा विसरले.

हे नुसतं तत्त्वाचं बोलणं नाही. आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या वस्तीशाळेत २००७ साली 'वन लॅपटॉप पर चाइल्ड'चा भारतातला पहिला प्रयोग झाला. निकोलस निग्रोपाँटे यांनी शंभर डॉलरचा लॅपटॉप म्हणून गाजावाजा केलेलं ते हिरवं-पांढरं यंत्र. प्रत्यक्षात ते १८८ डॉलरच्या आसपास पडलं. शाळेत २२ मुलं आणि गुरुजी एकच. मुलांनी यंत्र शिकायला वेळ लावला नाही, त्याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. पण बंद पडलं तर? त्या एका गुरुजींनी चार इयत्ता शिकवायच्या, खिचडी बघायची आणि लॅपटॉपही दुरुस्त करायचे? पुढे मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातली मंडळी तिथे जाऊन काम करू लागली, म्हणून त्या यंत्रांचं काही झालं. १८८ डॉलरमध्ये मानखुर्द ते खैराट हे येणंजाणं धरलेलं नव्हतं.

रास्पबेरी पाय २९ फेब्रुवारी २०१२ ला आला, ३५ डॉलरना. इथल्या हिशेबानं साडेतेरा रियाल. कीबोर्ड, पडदा, अडॅप्टर, मेमरी कार्ड, काहीच सोबत नाही, अगदी सिंक्लेअरच्या परंपरेत. केंब्रिजच्या या मंडळींना सुरुवातीला दहा हजार यंत्रं खपतील असं वाटलं होतं, मागणी पहिल्याच दिवशी लाखावर गेली. त्यांच्याकडे एवढ्या लोकांना उत्तरं द्यायला माणसं कुठली? उत्तरं दिली ती वापरणाऱ्यांनीच. 'मॅगपाय' मासिक २०१२ साली स्वयंसेवकांनी काढलं, संस्थेनं ते २०१५ मध्ये आपल्याकडे घेतलं. बाजारात यापेक्षा स्वस्त आणि कागदावर जास्त ताकदीची चिनी यंत्रं ढिगानं आली, पण मुलासाठी काय घेऊ असं मला कोणी विचारलं तर मी आजही पायच सांगतो. अडलेला प्रश्न आधी दुसऱ्या कोणाला तरी पडलेला असतो आणि त्यानं उत्तर लिहून ठेवलेलं असतं. यंत्र निवडताना मी एवढंच बघतो.

२०२१ ते २०२३ मध्ये चिपांचा दुष्काळ पडला आणि जी यंत्रं बनत होती ती आधी कारखानदारांना दिली गेली. तिकडे लोकांचे रोजगार अवलंबून होते, हा कंपनीचा युक्तिवाद मला पटतो. पण दहा वर्षं फुकट उत्तरं देणारा माणूस तेव्हा रांगेत मागे उभा होता आणि दलालाला दुप्पट-तिप्पट पैसे मोजत होता. जून २०२४ मध्ये कंपनी लंडनच्या शेअर बाजारात गेली. मोठा हिस्सा धर्मादाय संस्थेचाच राहिला, तेव्हा लबाडी म्हणता येणार नाही. तरी निझवाच्या त्या वकिलाची आठवण येतेच.

आमच्या एमक्यूत सध्या शनिवारी सकाळी सातआठ मुलं जमतात. इंग्रज, सुदानी, ओमानी, दोन आपली. अडचणी बदलल्या आहेत आणि नाहीतही. पडद्यावर पिवळी वीज चमकली की समजायचं, कोणीतरी मोबाइलचा चार्जर लावलाय आणि व्होल्ट कमी पडताहेत. म्हणजे चाळीस वर्षांनी पहिलं पान अजून अडॅप्टरचंच. मुलांना बघतो तो कोट्टायमचा एक तंत्रज्ञ आहे. आठवड्याची एकच पूर्ण सुट्टी त्यातली अर्धी इथे घालवतो आणि पैशाचा विषय काढला की उठून चहा करायला जातो. शेवटी पालकांनी मिळून त्याला एक चांगली सोल्डरिंग गन आणि घरी जायचं विमानाचं तिकीट दिलं. तेही या जूनमध्ये, कारण त्याचा करार संपतोय.

जुन्या वहीची झेरॉक्स मी त्याला मागेच दिली होती. त्यानं ती नीट वाचली आणि काही न बोलता स्वतःची एक सुरू केली. परवा त्यानं ती माझ्या हातात दिली, चाळीस पानं, आकृत्या सुरेख. फक्त सगळा मजकूर मल्याळममध्ये आहे. त्याच्याच गावाकडची एक नर्स अल-खुवैरला राहते, तिला वाचून सांगायची विनंती केली आहे. ती तयार आहे. तिचा करार मार्चपर्यंत आहे.